हापशीला लाल रंग मी लावायला लावला

गजाननकाका,

तुमच्या फोटोचं बॅनर छापायला गेलं होतं. मी ते थांबवलं. आपल्या पाणी समितीच्या पोरांनी मला न विचारता मजकूरही देऊन टाकला होता, ‘जलयोद्धा’ वगैरे. मागे निळंशार पाणी, तुमच्या डोक्याभोवती पिवळं तेज. पोरांचा हेतू वाईट नव्हता. पण मी छापखान्यात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, हे होणार नाही. एक जण चिडला. म्हणाला, "ताई, तूच तं शिकवलं, चळवळीले चेहरा लागते म्हनून."

शिकवलं होतं, खरं आहे. पण तुम्ही मला शेगावच्या एसटीत काय सुनावलं होतं ते त्या पोराला माहीत नव्हतं. आदल्या दिवशी तहसीलसमोरच्या भाषणात मी तुमचं नाव घेतलं होतं. हेच खारं पाणी पिऊन आमच्या पेंटरकाकांच्या किडन्या गेल्या, आता तरी डोळे उघडा, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तुम्हाला डायलिसिसला घेऊन चालले होते, तर तुम्ही खिडकीबाहेर बघतच म्हणालात, "लीडर, मले पोस्टर नको करू."

"खोटं बोलले का मी?"

"खरं-खोटं डॉक्टरलेबी माहीत नाही. तुले कसं समजलं?"

"संग्रामपूरच्या पट्ट्यात किडनी कायनं जाते ते सगळ्याले माहीत हाय, काका."

"मंग पान्यावर बोल ना. माह्यावर काऊन बोलतं? मी मानूस हाय. तो हिरवा दिवा नाही."

तो हिरवा दिवा. तुम्ही आणि मी दोन वर्षं ज्याच्यावरून भांडलो तो. हे वाचणाऱ्या बाकीच्यांना कळावं म्हणून सांगते. तालुक्याच्या वाचनालयाची पाटी तुम्ही रंगवून दिलीत, त्यांनी तुम्हाला कायमचं सभासद करून घेतलं, आणि तिथल्या कपाटात तुम्हाला एक जुनी अमेरिकन कादंबरी सापडली. मराठी अनुवाद, पुठ्ठा गेलेला. एक गडगंज माणूस पाण्यापलीकडच्या धक्क्यावर लागणारा हिरवा दिवा बघत उभा राहतो, कारण त्या काठावर त्याची गमावलेली बाई राहते. बायका पांढऱ्या कपड्यांत वावरतात. गाडी पिवळी. वाटेत राखेचा उजाड पट्टा, आणि त्या राखेवर एका डोळ्यांच्या डॉक्टरची जुनी जाहिरात. दोन राक्षसी निळे डोळे, पिवळा चष्मा. डॉक्टरचा पत्ता नाही, पाटी तशीच.

ती कादंबरी मला बी.ए.ला इंग्रजीत नेमलेली होती. मी ती वाचली नव्हती, गाइड वाचलं होतं. गाइडात तक्ता होता. हिरवा म्हणजे आशा, पांढरा म्हणजे निरागसपणाचं सोंग, पिवळा म्हणजे पैशाचा माज, राखाडी म्हणजे गरिबांची दुर्दशा. पाठ केला, लिहिला, पास झाले. मी तोच तक्ता तुम्हाला दुकानात उभ्याउभ्या म्हणून दाखवला, तेव्हा तुम्ही ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून म्हणालात, "हे सगळं ठीक हाय. मले एक सांग, ते डोळे रंगवले कोनी?"

"कोणी म्हणजे?"

"एवढे मोठे डोळे, एवढ्या उंचावर. कोनीतरी झुल्यावर बसून रंगवले असतीन ना? त्या पेंटरचं नाव काऊन नाही पुस्तकात?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही आयुष्यभर लोकांच्या नावाच्या पाट्या केल्या, खाली कोपऱ्यात बारीक सही केली, आणि ती सही लोक पुढच्या वेळी स्वतःच पुसून घेत. तुम्हाला त्या पुस्तकात पहिला कोण दिसला, तर जो त्यात नाहीच तो. असं वाचणारा माणूस मला आमच्या कॉलेजात भेटला नाही. तेव्हा हे बोलले नाही. आता बोलते.

हिरव्या दिव्याचंही तुमचं वेगळंच. "धक्क्यावरचा दिवा नावाड्यासाठी असते. हिरवा लावला, कारन लांबून दिसते. आशा-बिशा त्या मानसानं घातली त्याच्यात. दिव्याले काय ठाऊक?"

"पण मग लेखकानं हिरवाच का घेतला? लांबून तर पांढराही दिसतो."

तुम्ही ब्रश पुसून बाजूला ठेवलात. मग म्हणालात, "हे बरं विचारलं. सांगतो." सांगितलं नाहीत. मी पुढे निदान चारदा आठवण करून दिली. प्रत्येक वेळी "विचार करून राह्यलो" हेच उत्तर. एवढ्यातेवढ्याला मला फटकन तोडणारे तुम्ही, याच एका प्रश्नावर कधी घाई केली नाहीत.

आता हापशीचं.

पाण्याच्या तपासणीत आपल्या भागातल्या नऊ हापशा नापास झाल्या. पाणी पिण्यालायक नाही, असा कागद आला आणि तो ज्यांच्या टेबलावर आला त्यांनी फायलीत ठेवून दिला. गावात कोणी सांगितलं नाही. मी भडकले होते. आपण ठरवलं, समितीनं स्वतः जाऊन नऊच्या नऊ हापशा रंगवायच्या. लाल. लाल म्हणजे धोका, लाल म्हणजे थांबा. मी पत्रकात लिहूनही मोकळी झाले होते.

तुम्ही म्हणालात, "लाल नको."

"काऊन?"

"आपल्याकडं रस्त्याच्या कडंले लाल गोटा दिसला तं मानूस चप्पल काढते. आन हा डबा तू आनला तो हलका हाय. उन्हात उतरते. दोन महिन्यांत शेंदरी दिसीन."

"सिग्नलचा लाल सगळ्यांना समजतो, काका."

"सिग्नल कुठी हाय आपल्या तालुक्यात?"

पोरं खो खो हसली आणि मला राग आला. मी म्हटलं, मग तुम्ही सांगा कोणता. तुम्ही बोटांवर रंग मोजत बसलात. हिरवा नको, चुड्याचा रंग, ओटीचा रंग. पिवळा नको, हळद आली. निळा नको, भगवा नको, उद्या दोन्हीकडचे भांडायला येतील आणि पाणी राहील बाजूला. "राखाडी लाव. त्या पुस्तकातल्या राखीसारखा. राखीले कोनी पुजत नाही."

"अंगारा कपाळाला लावतात, काका."

तेव्हा मात्र तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. काकू आतून पाणी घेऊन आल्या. डॉक्टरांनी मोजून दिलेलं दिवसाचं पाणी, त्यातले दोन घोट तुम्ही त्या हसण्यावर खर्च केलेत. मग डोळे पुसत म्हणालात, "मंग रंग राहू दे. मी चित्र काढतो. घागर आन तिच्यावर फुली."

मी म्हणाले, चित्रं पहिलीच्या पुस्तकात शोभतात. आपल्याला इशारा द्यायचाय.

तुम्ही पुढे वाद घातला नाहीत. तब्येत बरी असेल त्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसून यायचात आणि हापशी खरवडून, प्राइमर मारून, दोन हात लाल द्यायचात. हापशीसुद्धा तुम्ही दहा पावलं मागे जाऊन बघायचात, जशी एखाद्या दुकानाची पाटी. एकदा मी म्हटलं, एवढं कशाला, धोक्याचंच तर सांगायचंय. तुम्ही म्हणालात, "धोक्याचं हाय म्हनून काय घान करायचं?"

दोन महिन्यांनी खालच्या टाकळीतून फोटो आला. सुनंदा नावाची बाळंतीण, सव्वा महिना झालेला. आपल्याकडे सव्वा महिन्यानं बाळंतीण पाणवठ्याची पूजा करते आणि त्या दिवसापासून पाणी भरायला मोकळी होते. पूर्वी विहिरीची करायचे. विहिरी आटल्या तशी पूजा हापशीवर आली. फोटोत आपली हापशी होती. उन्हानं उतरून तुम्ही सांगितलंत तशी शेंदरी झालेली. तिला कुंकवाची पाच बोटं, हिरवा खण, खाली नारळ. आणि सुनंदा ओंजळीनं तेच पाणी पिताना.

फोटो तालुकाभर फिरला. ‘समितीने बसवली हापशीची देवी’ म्हणून लोक आमची टर उडवू लागले. ज्या लोकांनी तपासणीचा कागद दाबला होता, ते हसत होते. मला ते सहन झालं नाही. मी त्याच दिवशी खुलासा लिहिला, छापला, बाजाराच्या दिवशी वाटला. त्यात एक वाक्य आहे. ते इथे जसंच्या तसं देते, कारण ते माझं आहे:

‘रंगकाम करणाऱ्याने लाल रंगाऐवजी शेंदरी छटा वापरल्याने ग्रामस्थांचा गैरसमज झाला.’

डबा मी आणला होता. रंग मी ठरवला होता. तुम्ही नको म्हणाला होतात, सहा जणांच्या देखत. तरी मी ते वाक्य लिहिलं. लिहिताना हात थांबला नाही. चळवळीनं चूक कबूल केली की समोरच्याच्या हातात काठी जाते, हे मी कुठल्यातरी शिबिरात शिकले होते आणि ते मला शहाणपण वाटत होतं. पेंटर आपलाच आहे, समजून घेईल, एवढाच विचार केला. माणूस आपला असला की त्याच्यावर ढकलायला सोपं जातं. ज्या साहेबांच्या नावानं मी घसा फोडते, ते याहून वेगळं काय करतात?

तुम्ही पत्रक वाचलंत. माझ्यासमोर. चष्मा वर केलात, पुन्हा वाचलंत, घडी घालून गल्ल्याखाली ठेवलंत. आणि म्हणालात, "‘छटा’ शब्द बरा वापरला."

बस्स. शिवी दिली असतीत तर मी भांडले असते, आणि भांडता भांडता कबूलही केलं असतं.

त्यानंतर सहा महिने मी तुमच्यासोबत शेगावला आले-गेले. दर वेळी ठरवायचे, आज बोलायचं. तुमच्या हाताला नळ्या लागलेल्या, छातीवर ते बिनपुठ्ठ्याचं पुस्तक उपडं. वाचनालयानं परत मागणं सोडून दिलं होतं. तुम्ही मला परिच्छेद वाचून दाखवायला लावायचात आणि मधेच थांबवायचात. "पांढऱ्या कपड्याच्या बाया म्हनते ना हा? धुते कोन, लिहिलं का कुठी?" शेजारच्या खाटेवरचे बाबा म्हणायचे, "पेंटर, गोष्ट तं पुढं जाऊ दे ना बे!" आणि तुम्ही त्यांना म्हणायचात, "चार तास कुठी जाऊन राह्यला तू?" मी हसायचे, वाचायचे, आणि ते एक वाक्य पुढच्या खेपेवर टाकायचे. पुढच्या पत्रकात दुरुस्ती छापीन, मग दाखवीन, असं. पुढचं पत्रक निघालं, त्यात जागा झाली नाही. त्याच्या पुढचंही निघालं.

शेवटच्या खेपेला तुम्ही विचारलंत, "टाकळीच्या हापशीचं काय झालं, लीडर?"

"चालू आहे."

"मी पुन्हा रंगवू का?"

मी फोनवर कोणाला तरी मोर्चाची वेळ कळवत होते. मान वर न करता म्हणाले, "आधी बरे व्हा."

तुम्ही ते मनावर घेतलंत की नाही, मला माहीत नाही. मंगळवारी गेलात.

पाचव्या दिवशी मी काकूंसमोर बसले आणि सगळं सांगितलं. डबा, वाद, वाक्य. काकू तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "मले माहीत हाय. त्याहीनं सांगतलं होतं."

"काका रागावले होते का?"

"त्याहिले काही वाटलं नाही. म्हने, पोरगी हाय, कामाच्या भरात लिहिलं." मग त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "मले वाटलं होतं. बाजारात बाया विचारे, पेंटरनं देव रंगवला म्हने. एवढी वर्सं रंगात हात घातले त्या मानसानं, आन त्याले लाल-शेंदरी समजत नाही म्हनते."

इतके दिवस मी तुमच्याच माफीचा विचार करत होते. दुखलं होतं तिसऱ्याच माणसाला, आणि ते माणूस मला दर खेपेला डबा बांधून देत होतं.

म्हणून काल मी खालच्या टाकळीला गेले. चूक जिथे झाली तिथे आधी सांगायची, मग छापायची, असं ठरवून. सुनंदाच्या दारात बसले. बाळ आता रांगायला लागलंय. मी म्हटलं, ताई, लाल रंगामुळे तुमचा गैरसमज झाला, त्यात पेंटरची चूक नव्हती, माझी होती.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कायचा गैरसमज?"

"म्हणजे, ते शेंदूर वाटलं तुम्हाला. देव वाटला."

"कोन म्हनलं?" ती खरंच चिडली. "आम्ही एवढे येडे हाव का? लाल मारला म्हनजे पिऊ नका, हे लेकरालेबी समजते. तुमचा पेंटर रंगवत होता तेव्हा त्यानं तोंडानंबी सांगतलं होतं ना सगळ्यायले."

"मग पूजा?"

"मंग दुसरं पानी कुठी हाय? सांगा ना. टाकी बांधून ठेवली, तिच्यात पाखरं राह्यतात. टँकर आला तं आला. हेच पानी प्या लागते, मीबी आन हे लेकरूबी. वाईट हाय हे ठाऊक हाय, म्हनूनच हात जोडले. म्हनलं, बाई, पितो तुले, पन याले सांभाळ."

काका, आपण दोघं किती भांडलो. लाल की राखाडी, इशारा की चित्र. तुम्हाला वाटत होतं गावाला लाल वेगळा दिसतो. मला वाटत होतं तुम्ही उगाच शंका काढता. आणि ज्यांच्यासाठी भांडलो त्यांनी तो रंग पहिल्या दिवशीच बरोबर वाचला होता. वाचून झाल्यावर त्यांच्यापुढे जो प्रश्न उरला, तो आपण दोघांनीही विचारला नव्हता. तुम्हीसुद्धा चुकलात हो. आणि हे तुम्हाला सांगायला मिळत नाही, याचा मला फार राग येतो. तुम्ही किती खूश झाला असतात! म्हणाला असतात काहीतरी, जे मला आत्ता सुचत नाही. तुमचं बोलणं मला कधीच आधी सुचलं नाही.

उठताना सुनंदानं रीतीप्रमाणे तांब्या पुढे केला. मी दोन वर्षं टाकळीत जाते, माझ्या पिशवीत माझी बाटली असते. काल मी तांब्या घेतला. पाणी जिभेला लागलं आणि घशाखाली जायला तयार होईना. ‘क्षारयुक्त’ हा शब्द मी किती पत्रकांत छापलाय. त्याची चव मला काल कळली.

नवीन पत्रक आज सकाळी लिहिलं. वर सुनंदाचा प्रश्न, तिच्याच शब्दांत: दुसरं पाणी कुठे आहे? रंगाबद्दल एक अक्षर नाही. खाली, शेवटी, पाठपोट कागदाच्या मागच्या बाजूला, जिथे मुद्रकाचं नाव असतं तिथे, बारीक टाइपात एक ओळ: ‘हापशांना लाल रंग द्यायचा निर्णय माझा होता, रंगाचा डबा मी आणला होता, पेंटर गजानन यांनी तो नको म्हणून सांगितलं होतं, आधीच्या पत्रकात मी खोटं लिहिलं.’ परवा तुमच्या तेरवीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात देणार आहे.

छापायला टाकण्याआधी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

म्हणाल्या, "हे समोर घे. आन मोठ्या अक्षरात छाप."